हिऱ्याचा व्यापार आणि सचोटी



सुरत शहराबाहेर हजिऱ्याच्या वाटेवर इच्छापोर येथे हिरे-जवाहिराच्या धंद्यासाठी वसविलेली वसाहत आहे. 2015 साली डी बिअर्स कंपनीने तेथे हिरे पारखण्याची प्रयोगशाळा उघडली. ज्या व्यापारात लक्षावधींचा माल जांगडाच्या एका चिठ्ठीवर दुसऱ्याच्या हाती निःशंकपणे सोपविला जातो, त्या व्यापाराला यंत्राची साक्ष का काढावी लागावी?

1954 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत हिरा घडविण्यात आला. पुढे दागिन्यात शोभतील असे हिरेही यंत्रांतून निघू लागले. हा हिरा खोटा नव्हे. तोही शुद्ध कार्बनच, तितकाच कठीण. जवाहिऱ्याच्या दसपट भिंगालाही तो ओळखू येत नाही. किंमत मात्र खाणीतील हिऱ्याच्या अंशमात्र. तो घडविणे वा विकणे यात यत्किंचितही अधर्म नाही. अधर्म आहे तो मौनात. 2012 साली अँटवर्प व मुंबई येथील प्रयोगशाळांत सहाशेंवर असे हिरे नैसर्गिक म्हणून तपासणीस आलेले आढळले, तेव्हा सारा बाजार हादरला.

मोठ्या हिऱ्यासोबत प्रमाणपत्र असते. बारीक मालाचे तसे नाही. एक कॅरट म्हणजे अवघे 200 मिलिग्रॅम. त्यात एकेक सेंटचे शंभर हिरे बसतात. प्रत्येकाचे प्रमाणपत्र काढावे तर खर्च हिऱ्याहून भारी. म्हणून लबाडी येथेच दडते: शंभरांत पाच मिसळले, पुडके बांधले, काम झाले. कधी एकाच छपराखाली दोन्ही माल घासला जातो व सरमिसळ नकळतही होते, हे मान्य केले पाहिजे. पण ती कळल्यावर गप्प राहणे नकळत होत नाही. मालकाच्या सांगण्यावरून पुडके बांधणारा नोकरही त्या पापाचा वाटेकरी होय, मग पगार कितीही तुटपुंजा असो.

“मला माल असाच मिळाला,” ही सबब पूर्वी ऐकून घेण्यासारखी होती. आता तपासणीची सोय गावाच्या वेशीवर असता न तपासणे ही निवडच ठरते. त्या निवडीचा भुर्दंड व्यापाऱ्याला क्वचितच बसतो. लेकीच्या लग्नात घेतलेल्या कुड्या अडचणीच्या काळी मोडावयास नेणाऱ्या गृहिणीला तो सराफाच्या पेढीवर भरावा लागतो, आणि तोवर पुडके बांधणाऱ्याचा पत्ता कोणालाच ठाऊक नसतो.