'सर्व्हर डाऊन' म्हणजे नेमके काय?

श्रोतेहो, अंबड-भोकरदनकडचा शेतकरी सातबाऱ्यासाठी सेवा केंद्रावर जातो आणि 'सर्व्हर डाऊन आहे' एवढेच ऐकून परत फिरतो. पीकविम्याची मुदत संपत आली असली, म्हणजे हे दोन शब्द फार महागात पडतात. तेव्हा त्यांच्यामागे काय दडले आहे ते पाहू.

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. केंद्रावरचा प्रोग्राम तो मागतो. हा क्लायंट, म्हणजे मागणारा. दूरच्या संगणकावरचा प्रोग्राम तो देतो. हा सर्व्हर, म्हणजे देणारा. दोघांच्या संभाषणाचे प्रत्येकाकडील टोक म्हणजे सॉकेट. बर्कलेच्या विद्यापीठाने १९८३ साली आपल्या युनिक्समधून ही पद्धत पुढे आणली आणि ती जगभर रुजली.

यात देणाऱ्याने आधी तयार बसायचे असते. तो सॉकेट उघडतो, त्याला पोर्टचा क्रमांक लावतो आणि कान देऊन बसतो. आयपी पत्ता म्हणजे घर, पोर्ट म्हणजे त्या घराचे दार. सुरक्षित संकेतस्थळांचे दार बहुधा ४४३ क्रमांकाचे. मागणाऱ्याने हाक दिली, की सर्व्हर त्याच्यासाठी वेगळे सॉकेट काढतो. पहिले सॉकेट पुढच्या हाकेसाठी मोकळेच राहते.

शिक्षकबंधूंनी एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावी. एका दमात पाठवलेला मजकूर तुकड्यातुकड्यांनी पोचू शकतो. टीसीपी त्याचा क्रम राखते. पण निरोप कोठे संपला ते सांगत नाही. म्हणून लांबी आधी कळवावी, नाही तर शेवटची खूण ठरवावी. वर्गात एकाच संगणकावर, १२७.०.०.१ या पत्त्यावर, दोन्ही प्रोग्राम चालवून हे दाखवता येते.

आता 'डाऊन'कडे वळू. हाक देताच नकार आला, तर बहुधा घर जागे आहे, पण त्या दाराशी कोणी बसलेले नाही. कितीही थांबून उत्तरच येत नसेल, तर वाट तुटली असेल, संगणक बंद असेल किंवा गर्दीने दबला असेल. जोडणी होऊन मग चूक दिसली, तर घोटाळा बहुधा आतल्या कामात. आणि दुसरी संकेतस्थळेही उघडत नसतील, तर सर्व्हरला बोल लावू नये. दोष इथल्याच वाटेत शोधावा.

म्हणून केंद्रावर नम्रपणे विचारा, "दादा, बाकीचे काही उघडते का? पडद्यावर काय लिहून आले?" वाट इथलीच तुटली असेल, तर दुसरे केंद्र गाठता येईल. दोष पलीकडे असेल, तर तो मजकूर, तारीख आणि वेळ टिपून घ्या. तक्रार करताना 'डाऊन होते' यापेक्षा ही टिपलेली ओळ अधिक उपयोगी पडेल.