एका जहाजांत चोवीस हजार पेट्या



कोल्हापुरास समुद्र नाहीं. तेव्हां जहाजांच्या जोखमीविषयीं येथल्या माणसानें बोलावें हें आपणांस कांहींसें विचित्र वाटेल. परंतु शिरोलीच्या फौंड्र्यांतील ओतीव भाग आणि इचलकरंजीचें कापड परदेशीं निघतें, तें पुष्कळदां न्हावाशेव्याच्या बंदरांतून, लोखंडी पेटींत बसून. हिलाच व्यापारी कंटेनर म्हणतात. जहाज जितकें मोठें तितकें पेटीमागें भाडें कमी, असें आपणांस सांगण्यांत येतें व तें खरेंही आहे. मात्र त्या बचतीबरोबर जोखीम कोणाच्या पदरीं पडते, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

१९५६ सालीं अमेरिकेंत ‘आयडियल एक्स’ या जहाजानें ५८ पेट्या नेल्या, तेथून ह्या पद्धतीचा आरंभ झाला. आजचीं सर्वांत मोठीं जहाजें सुमारें ४०० मीटर लांब असून वीस फुटी पेटीच्या मापानें २४,००० हून अधिक पेट्या वाहतात. खलाशी मात्र पंचवीसच्या आसपासच!

अपघात झाला म्हणजे काय होतें, हें मुंबईनें पाहिलें आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजीं बंदराच्या तोंडाशीं ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया ३’ हीं जहाजें एकमेकांवर आदळलीं. ‘चित्रा’वर सुमारें १,२०० पेट्या होत्या. तें एका अंगावर कलंडलें, शेंकडों पेट्या पाण्यांत पडल्या. त्यांपैकीं कांहींत कीटकनाशकें होतीं. तेल किनाऱ्यावर व तिवरांच्या वनांत पसरलें. बुडालेल्या पेट्यांमुळें जलमार्ग धोक्याचा झाला आणि मुंबई व न्हावाशेवा हीं दोन्ही बंदरें कांहीं दिवस बंद ठेवावीं लागलीं. एवढा अनर्थ बाराशें पेट्यांनीं केला. वीसपट पेट्यांनीं वीसपट होईल काय? माझ्या मतें हें साधें त्रैराशिक नव्हे. अवजड जहाज ओढून काढण्याजोग्या बलाढ्य बोटी जगांत थोड्या. उंच रचलेल्या पेट्यांच्या मधोमध लागलेल्या आगीपर्यंत पाणी पोंचविणें तर त्याहून बिकट. जून २०२५ मध्यें ‘वान हाय ५०३’ हें मध्यम आकाराचें जहाज कोलंबोहून न्हावाशेव्याकडे येत असतां केरळच्या समुद्रांत पेटलें. बावीस खलाशांपैकीं चौघे बेपत्ता झाले आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली.

बंदरांचें दुखणें निराळें. मोठ्या जहाजास खोल पाणी, रुंद मार्ग व उंच याऱ्या लागतात. हा खर्च बंदराचा, भाड्यांतील बचत जहाजवाल्याची. शिवाय पूर्वीं चार जहाजांतून उतरणारा माल एकदम धक्क्यावर येतो व रस्ते तुंबतात. डहाणूजवळ वाढवण येथें सुमारें २० मीटर नैसर्गिक खोलीवर ७६,००० कोटींहून अधिक खर्चाचें बंदर व्हावयाचें आहे; ३० ऑगस्ट २०२४ रोजीं त्याची पायाभरणी झाली. तेथील कोळी बांधवांचा विरोध सर्वश्रुत आहे. एवढा पैसा ओतल्यावर मोठीं जहाजें दुसरीकडे वळलीं तर काय, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे.

विमेवाल्यांचें सूत्र असें कीं, जोखीम अनेक ठिकाणीं विभागलेली असावी. येथें ती एकाच जहाजांत एकवटते. आणि सर्वांत नवल वाटावें अशी गोष्ट म्हणजे सामायिक हानीचा जुना समुद्री कायदा. संकटांतून जहाज सोडविण्याचा असाधारण खर्च जहाजाच्या मालकाबरोबर त्यावरील सर्व मालाच्या धन्यांनींही किंमतीच्या प्रमाणांत सोसावयाचा. आपली पेटी सुखरूप असली तरीही! २३ मार्च २०२१ रोजीं ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यांत आडवें रुतलें, तेव्हां त्यावर सुमारें १८,३०० पेट्या होत्या. सहा दिवसांनीं तें सुटलें. पण भरपाईच्या वादापायीं ७ जुलैपर्यंत तेथेंच अडकून पडलें आणि मालकानें सामायिक हानि जाहीर केली. ज्यांचा विमा होता त्यांची हमी विमा कंपनीनें द्यावयाची. ज्यांचा नव्हता त्यांस स्वतः रोख अनामत भरल्यावांचून माल मिळावयाचा नाहीं. आमच्याकडील लहान कारखानदार हप्ता वांचविण्यासाठीं कधीं कधीं विम्याशिवायच माल रवाना करतो. पेटींत शंभर पंप असोत वा दहा; ती कोणत्या जहाजावर चढणार, हें ठरविणें त्याच्या हातीं नसतें.