मागच्या रांगेतली ताईही ओळखू आली पाहिजे

(प्रभागसंघाच्या सभेत केलेल्या बोलण्याचा मजकूर)

ताईंनो, आज हिशेबाचं नाही, फोटोचं बोलायचंय. हसू नका. गटाचा फोटो कुठे कुठे जातो बघा. कर्जाच्या फाईलला लागतो, स्टॉलच्या फ्लेक्सवर चढतो, अहवालात छापतात. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. आपल्यातल्या कित्येक जणींचा, आधार कार्डावरचा सोडला तर, तोच एक फोटो असतो. बाई गेली की घरचे त्यातूनच तिचा चेहरा कापून मोठा करून घेतात, हार घालायला. तो पुसट निघाला तर परत काढणार कुठून?

आपल्या फोटोत अध्यक्ष-सचिव स्वच्छ दिसतात आणि मागे उभ्या असलेल्या अंधूक. यात फोन स्वस्त असण्याचा दोष कमी, घाईचा जास्त.

पहिलं काम, पदराच्या सुती टोकानं कॅमेऱ्याची काच पुसा. आपले हात पिठाचे, तेलाचे. बोटाचा एक ठसा असला तरी सगळा फोटो धुक्यात काढल्यासारखा येतो.

दुसरं, फोनमधलं ‘पोर्ट्रेट’ बंद ठेवा. ते एकटीच्या फोटोसाठी आहे. फोन स्वतःच ठरवतो की मागचं सगळं पुसट करायचं, आणि मागची रांग त्यातच जाते. ‘ब्युटी’सुद्धा नको. सुरकुत्या जातात, पण चेहऱ्याची ओळखही जाते. सुरकुत्या आपण कमावल्यात, राहू द्या की!

आता उजेड. हे नीट ऐका, कारण निम्मे फोटो इथेच बिघडतात. सभा असते समाजमंदिरात किंवा कुणाच्या ओसरीवर, आत अंधार. अंधारात फोनला पुरेसा उजेड गोळा करायला जास्त वेळ लागतो. तेवढ्यात काढणारीचा हात हलतो, कुणी पदर सावरते, कुणी मान वळवते, आणि चेहरा फराटल्यासारखा येतो. म्हणून बाहेर या. पण रणरणत्या उन्हात नको, डोळे बारीक होतात. भिंतीची किंवा दाट झाडाची एकसारखी सावली बघा. दार, खिडकी किंवा सूर्य पाठीमागे आला की चेहरे काळे पडतात.

उभं राहताना दोन रांगांत मावत असाल तर तीन करू नका. पुढच्या सतरंजीवर, मागच्या अगदी त्यांना चिकटून. रांगांमध्ये जितकं अंतर जास्त, तितकी एक रांग अंधूक व्हायची शक्यता जास्त. उंच बायका मागे. एकीचा खांदा दुसरीच्या तोंडावर आला तर कुठलाच कॅमेरा काही करू शकत नाही. आणि कडेला थोडी जागा मोकळी सोडा, कारण फोनमध्ये अगदी कडेचे चेहरे ताणल्यासारखे येतात.

काढणारीनं सगळ्या मावतील इतकंच मागे जावं. दोन बोटांनी चित्र ओढून जवळ आणू नका, चेहरे फुटतात. फोन दोन्ही हातांनी धरा, कोपरं अंगाला टेकवा. मग पडद्यावर एका चेहऱ्यावर बोट टेकवा. दोन रांगा असतील तर पुढच्या रांगेतल्या मधल्या ताईवर, तीन असतील तर मधल्या रांगेतल्या. बटण दाबतानाही फोन हलतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा. एकावर थांबू नका, पाच-सहा काढा. वीस जणींत एकीचे तरी डोळे मिटलेले असतातच.

आणि कुणालाही जाऊ देण्याआधी फोटो मोठा करून एकेक चेहरा बघा. सुरुवात मागच्या रांगेपासून करा, पुढच्यांचे चेहरे बहुधा ठीकच असतात. पडद्यावर लहान असताना सगळंच छान दिसतं. खरं काय ते मोठं केल्यावर कळतं. गडबड असेल तर तिथल्या तिथे पुन्हा काढा. बायका पांगल्या की संपलं.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो. छापायला देणार असाल तर हे विसरू नका.

एक प्रत धुऊन घ्या आणि ठरावाच्या वहीत ठेवा. मागे तारीख आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहा. ‘अमकीची सून’ असं नाही, तिचं स्वतःचं नाव.