नव्या चित्रमालेची पहिली ओळख

झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मोठ नावाचे एक स्टेशन लागते. नाव मोठे आणि गाव तालुक्याचे. मराठी माणसाला या मुलुखाची ओळख निराळ्या कारणाने असते. १७४२ मध्ये नारोशंकर सुभेदार झाशीत आले आणि तेव्हापासून या प्रदेशात मराठी घरे नांदू लागली. त्या घरांत आजही वडीलधाऱ्यांच्या तोंडी जुनी मराठी आढळते आणि मुलांच्या तोंडी बुंदेली वळणाची हिंदी. अशा गावी, अशा एखाद्या घरात, जपानमध्ये नुकतीच सुरू झालेली एखादी सचित्र मालिका त्याच आठवड्यात पाहिली जावी, हे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणाला सांगितले असते तर त्याने ते थट्टेवारी नेले असते. आज ते घडते. हातातल्या दूरध्वनीयंत्रावर टोकियोतील चित्र उमटते आणि त्याखाली इंग्रजी अक्षरे धावत असतात.

या चित्रमालांना सारे जग ॲनिमे म्हणते. त्यांचा एक निष्ठावंत रसिकवर्ग भारतात तयार झाला आहे. वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत, जपानी दूरचित्रवाणीवर नव्या मालिकांचा लोंढा येतो. बहुतेक मालिका बारा-तेरा भागांत आटोपतात. मळलेल्या वाटेच्या मालिकांना प्रेक्षक आयता मिळतो. खरा प्रश्न असतो तो आडवाटेच्या मालिकेचा. तिचा पहिला भाग पाहून रसिकाने तिला ठेवावे की सोडावे?

हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. पहिला भाग हा यजमानाने दारात केलेल्या स्वागतासारखा असतो. घराची खरी रीत पुढे पंगतीत कळते. म्हणून या रसिकांमध्ये एक संकेत रूढ आहे की तीन भाग पाहिल्याविना मत द्यायचे नाही. या संकेताला बळ मिळाले ते २०११ मधील ‘माडोका माजिका’ या मालिकेमुळे. पहिले दोन भाग गोजिरवाण्या शाळकरी मुलींचे आणि जादूच्या कांडीचे वाटतात. तिसऱ्या भागाच्या अखेरीस मात्र त्या गोडव्याखालची जमीनच सरकते. दोन भागांनंतर जे उठून गेले त्यांना ती मालिका कळलीच नाही. असे असले तरी हा संकेत आंधळेपणाने पाळण्यात अर्थ नाही. काही मालिका पहिल्या पाच मिनिटांतच आपले सर्वस्व दाखवतात आणि ते सर्वस्व कवडीमोलाचे असते.

पहिले मत बनवताना भारतीय प्रेक्षक आणखी एका ठिकाणी फसतो. तो चित्र हलते किती हे पाहतो. चलच्चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चौकटी धावतात. हालचाल सफाईदार हवी तर दर दोन चौकटींमागे एक नवे चित्र, म्हणजे सेकंदाला बारा चित्रे काढावी लागतात. ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा दर आठवड्याला अर्ध्या तासाची मालिका पुरी करायची तर इतकी चित्रे काढणे परवडणारे नव्हते. मग तीन चौकटींमागे एक चित्र, पात्र स्थिर आणि हलणारे केवळ ओठ, मागचा देखावा मात्र सरकत राहिलेला, एकदा काढलेली चित्रे पुन्हापुन्हा उपयोगात आणलेली, अशा युक्त्या निघाल्या. त्या काटकसरीतूनच पुढे एक शैली जन्माला आली. चित्र थांबले म्हणजे कलावंत थकला असे या कलेत समजू नये. पुष्कळदा तो प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा देत असतो. कमी साधनांत जीव ओतण्याची ही विद्या मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ केली ती आगपेटीतल्या काड्या एकेका चौकटीसाठी हाताने हलवून.

भारतात या कलेचा प्रवेश झाला तो बहुतेकांना नकळत. १९९३ मध्ये दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ आली. गुलजार यांचे शीर्षकगीत आणि विशाल भारद्वाज यांचे संगीत घराघरांत पोहोचले. शेरखानाला नाना पाटेकर यांचा आवाज मिळाला होता आणि तो वाघ मराठी मुलांना विशेष आपला वाटला. ही बावन्न भागांची मालिका १९८९ साली जपानमध्ये तयार झाली होती, हे त्या वेळी फार थोड्यांना ठाऊक होते. मोगलीचे शिवनी महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या प्रदेशातले, ग्रंथकार इंग्रज आणि चित्रकार जपानी. इतक्या हातांतून गेलेली गोष्ट पुन्हा आपल्या दारी आली, आणि कोणालाही ती परकी वाटली नाही.

जाणूनबुजून केलेला प्रयोग पुढे २०१२ मध्ये झाला. ‘क्योजिन नो होशी’ ही जपानची अतिशय गाजलेली क्रीडाकथा. इक्की काजिवारा यांची कथा आणि नोबोरू कावासाकी यांची चित्रे, अशी ती १९६६ पासून साप्ताहिकात आली, आणि १९६८ ते १९७१ या काळात तिच्या दूरचित्रवाणी मालिकेचे १८२ भाग झाले. गरीब घरातला मुलगा, स्वतःचे अपुरे राहिलेले स्वप्न मुलाच्या खांद्यावर लादणारा बाप, आणि बेसबॉल. जपानी निर्मात्यांनी हैदराबादच्या एका चित्रनिर्मिती संस्थेला बरोबर घेऊन या कथेला मुंबईच्या झोपडपट्टीत आणून वसवले, बेसबॉलच्या जागी क्रिकेट घातले आणि तिचे नाव ठेवले ‘सूरज: द रायझिंग स्टार’. २३ डिसेंबर २०१२ पासून ती हिंदीत दाखवली गेली.

या मालिकेविषयी जाणत्या रसिकाचे पहिले मत संमिश्र होणे अपरिहार्य होते. गरिबी आणि क्रिकेट यांची सांगड मुंबईकराला समजावून सांगावी लागत नाही. शिवाजी पार्क आणि आझाद मैदान यांवरच्या गर्दीत असे कितीतरी सूरज उन्हातान्हात चेंडू टाकत असतात, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या मागे असा बापही उभा असतो. तेव्हा कथेचे बीज या मातीत रुजणारे होते. अडचण आली ती खेळाच्या व्याकरणात. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा आणि टोलवणारा यांचे द्वंद्व डावभर चालू राहते. मूळ कथेचे सारे नाट्य त्या दोघांच्या नजरेत भरलेले आहे. क्रिकेटमधल्या गोलंदाजाला सहा चेंडू झाले की टोपी घालून सीमेकडे चालू लागावे लागते. द्वंद्व ऐन रंगात असताना नायक सीमारेषेवर उभा, हे महाकाव्याला कसे मानवणार? शिवाय बेसबॉलचा चेंडू कोपरातून हात वाकवून फेकतात. क्रिकेटमध्ये तसे केले तर पंच तो चेंडू बाद ठरवतो. बापाने मुलाच्या अंगावर चढवलेला पोलादी स्प्रिंगांचा साज ही मूळ कथेतील अत्यंत प्रसिद्ध कल्पना. भारतीय आवृत्तीत ती सायकलच्या रबरी नळ्यांवर आली. लहान मुलाचा छळ दिसू नये हा त्यामागचा हेतू. परंतु जुगाडाची ती रबरी नळी पोलादाहून खरी वाटते, कारण मुंबईच्या वस्तीत पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानाबाहेर ती खरोखरच लोंबत असते. परक्या कथेने या देशाची एखादी वस्तू नेमकी उचलली की प्रेक्षकाचा विश्वास बसतो, आणि तो बसायला असा एखादाच तपशील पुरेसा होतो.

आता वळायचे ते अशा मालिकेकडे, जिच्यात मारामारी नाही, खेळ नाही आणि जादूही नाही. २०१६ च्या जानेवारीत आलेली ‘शोवा गेनरोकू राकुगो शिंजू’ ही हारुको कुमोता यांच्या चित्रकथेवर आधारलेली मालिका पाहताना मराठी रसिकाने एका गोष्टीचे आश्चर्य करावे. राकुगो म्हणजे एका आसनावर बसून एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट. हाती एक पंखा आणि एक रुमाल, एवढीच सामग्री. मान डावीकडे वळली की घरधनी, उजवीकडे वळली की चोर. मराठीत कीर्तनकाराचा उत्तररंग ज्याने ऐकला आहे, किंवा पु. ल. देशपांडे यांनी एकट्याने उभी केलेली ‘बटाट्याची चाळ’ ज्याच्या घरात बोलली गेली आहे, त्याला या कलेची ओळख करून द्यायला नको.

पहिला भाग नेहमीच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट आहे. तुरुंगातून सुटलेला एक माणूस थेट एका थोर कथकाच्या दारी येतो आणि शिष्यत्व मागतो, कारण तुरुंगात त्याने त्या कथकाची एक गोष्ट ऐकली होती. कथक आठवा याकुमो. कलावंताचे नाव इथे वारशाने येते, जसे आपल्याकडे घराणे येते. आठव्या याकुमोने आजवर एकही शिष्य केलेला नाही. पुढे या नवशिक्याचा पूर्वीचा गुंड सोबती त्याला परत न्यायला येतो, तेव्हा हा त्याला प्रेक्षागृहात बसवून एका वेंधळ्या चोराची गोष्ट सांगतो. चित्रकार इथे जवळजवळ हालचाल करत नाहीत. कॅमेरा आसनावर खिळलेला. घाम, पंख्याची उघडझाप, आणि हळूहळू सैल होत जाणारा प्रेक्षक. थोड्या चित्रांत किती साधता येते याचा हा वस्तुपाठच होय. मग हाच शिष्य गुरूच्या प्रयोगात घोरत झोपी जातो आणि घराबाहेर काढला जातो. मराठी शास्त्रीय संगीताच्या परिसरात वाढलेल्या माणसाला हा प्रसंग हसवतो आणि धाकातही ठेवतो.

परंतु पहिल्या मताची परीक्षा खऱ्या अर्थाने पाहिली ती २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ‘अपोकॅलिप्स हॉटेल’ या बारा भागांच्या मालिकेने. ही कोणत्याही चित्रकथेवर आधारलेली नव्हती. त्यामुळे पुढे काय होणार हे सांगणारा कोणी शहाणा आगाऊ उपलब्ध नव्हता. पृथ्वी मानवाला राहण्याजोगी उरली नाही आणि माणसे निघून गेली. टोकियोच्या गिंझा भागात एक हॉटेल मात्र यंत्रमानवांनी चालू ठेवले आहे. याचियो नावाची एक यंत्रकन्या तिथे व्यवस्थापकाच्या बदलीच्या बदलीवर काम पाहते. याचियो या शब्दाचा अक्षरार्थ आठ हजार पिढ्या. शंभर वर्षे झाली, एकही पाहुणा नाही. रोज खोल्या झाडल्या जातात, चादरी बदलल्या जातात, दारातला द्वारपाल उभा असतो. सोबतचे यंत्रमानव एकेक करून बंद पडत आहेत. आणि पहिल्या भागातला पेचप्रसंग कोणता, तर स्नानाच्या वेळी डोक्यावर घालायची एक टोपी सापडत नाही.

इथे सामान्य प्रेक्षक विचारतो की यात घडते काय? वास्तविक घडण्याजोगे सारे घडून गेलेले आहे. उरली आहे ती सेवा, आणि ज्याची सेवा करायची तो नाही. विटेवर युगे उभ्या असलेल्या देवाची गोष्ट ज्या भाषेत घराघरांत आहे, त्या भाषेच्या माणसाला वाट पाहण्यातले नाट्य कळायला अडचण पडू नये. मात्र इथे उलट आहे. इथे भक्त उभा आहे, आणि देवच शंभर वर्षांपासून बाहेरगावी गेला आहे. या मालिकेचा पुढचा प्रवास बराच विनोदी आणि कधीकधी विक्षिप्त होतो. दुसऱ्या ग्रहांवरून पाहुणे येऊ लागतात आणि त्यांच्यातले काही तर मूर्तिमंत धांदल असतात. पण पहिल्या भागाचे ते रिकामे दालन मनातून जात नाही.

याचियोच्या तोंडी जी जपानी आहे ती अत्यंत अदबीची आहे. इंग्रजी अक्षरांत मात्र ती अदब सपाट होते, कारण इंग्रजीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यासाठी एकच शब्द. मोठच्या घरातला मराठी प्रेक्षक ती अक्षरे वाचता वाचता मनातल्या मनात ‘यावे, बसावे’ असे भाषांतर करीत जातो, आणि त्याचे भाषांतर पडद्यावरच्या भाषांतराहून मूळाच्या जवळ जाते. राकुगोच्या मालिकेतही शिष्य गुरूला ज्या शब्दाने हाक मारतो, त्याला ‘बुवा’ किंवा ‘गुरुजी’ हा शब्द जितका शोभतो तितका कोणताही इंग्रजी शब्द शोभत नाही. अशा मालिका मराठीत आणणाऱ्याच्या हाती ही एक आयती ठेव आहे.

दूरच्या प्रेक्षकाच्या मताला किंमत काय, असे कोणी विचारील. मकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट ११ ऑक्टोबर २०१९ रोजी भारतातील चित्रगृहांत लागला, तो मुख्यतः इथल्या प्रेक्षकांनी केलेल्या मागणीमुळे. त्या अर्जावर पन्नास हजारांहून अधिक सह्या झाल्या होत्या.  आडवाटेच्या मालिकेला असे पन्नास हजार लोक क्वचितच मिळतात. तिचे भवितव्य पहिल्या दोन आठवड्यांत ती किती जणांनी पाहिली आणि त्यांनी शेजाऱ्याला काय सांगितले, यावर पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून हा रसिक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस मालिकांचे पहिले भाग पाहतो, त्यांतल्या दहा सोडतो, सहांविषयी मौन पाळतो, आणि उरलेल्या तीन-चारांची नावे मित्रांना कळवतो. मित्र म्हणतात, यात घडते काय? तो म्हणतो, तिसरा भाग पाहा.