भीड चेपावी कशी?

एखाद्या जपानी विद्यार्थ्यानें सहा वर्षें इंग्रजीचा अभ्यास करावा, परीक्षेंत उत्तम गुण मिळवावेत, आणि परदेशी प्रवाशानें स्टेशनची वाट विचारतांच त्याच्या तोंडून शब्द फुटूं नये, ही तक्रार जपानांत फार जुनी आहे. तिचें मूळ बुद्धिमांद्यांत नाहीं. अध्यापनाच्या रीतींत आहे. 'याकुदोकु' नामक रूढ पद्धतींत इंग्रजी वाक्यांतील शब्द जपानी वाक्याच्या क्रमानें लावून अर्थ सांगावयाचा असतो. तिनें डोळा तयार होतो. जीभ मात्र तशीच राहते.

१९२२ सालीं जपानी शिक्षणखात्यानें हॅरल्ड पामर या इंग्रज भाषातज्ज्ञांस सल्लागार म्हणून बोलाविलें. मूल भाषा आधीं ऐकतें, मग बोलतें आणि वाचावयास सर्वांच्या शेवटीं शिकतें. परभाषेचाहि मार्ग हाच असावा, असा त्यांचा आग्रह होता. टोकियोंत १९२३ सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं एक संशोधनसंस्थाहि निघाली. १९३६ सालीं ते मायदेशीं परतले. प्रवेशपरीक्षांचा भर मात्र लेखनवाचनावरच राहिला. आणि ज्याची परीक्षा नाहीं, त्याचा अभ्यास कोण करणार?

पुढें १९८७ सालीं जपान सरकारनें 'जेट' योजना काढली. पहिल्याच वर्षीं अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या ४ देशांतून ८४८ जण आले. या योजनेंतील बहुतेक तरुण शाळांतून साहाय्यक शिक्षक म्हणून जपानी शिक्षकाच्या जोडीनें काम करतात. त्यांना पदवी आवश्यक असते. अध्यापनाची सनद नव्हे. पुष्कळांस आरंभीं जपानीहि येत नाहीं. परंतु हें वैगुण्यच वर्गांत गुण ठरतें. शुद्ध उच्चार ध्वनिमुद्रिकेवरूनहि ऐकतां येतात. पण ध्वनिमुद्रिका उत्तराची वाट पाहत नाहीं. समोरचा माणूस वाट पाहतो. अशा वेळीं विद्यार्थी चारदोन मोडकेतोडके शब्द उच्चारतो, पाहुण्यास ते कळतात, तो हसून पुढचा प्रश्न विचारतो. व्याकरण चुकलें तरी काम झालें, हा अनुभव शंभर उपदेशांहून मोलाचा. भीड चेपते ती येथें.

मात्र पाहुण्यानें केवळ धडा वाचून दाखवावा आणि जपानी शिक्षकानें भाषांतर करावें, असें झालें कीं सारा लाभ बुडाला. उलट, आपलेच गुरुजी अडखळत, शब्द शोधीत, तरीहि न लाजतां पाहुण्याशीं बोलत आहेत, हें मुलांनीं पाहिलें तर त्यांना आवांक्यांतला आदर्श लाभतो. पाहुण्याची वाणी जन्मजात आहे. गुरुजींची कमावलेली आहे. अनुकरण करावयाचें तें दुसरीचें.

राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेंत २००६ सालीं इंग्रजी ऐकण्याची कसोटी आली. खासगी संस्थांच्या चांचण्यांतून बोलण्याचीहि परीक्षा घेण्याचा बेत २०१९ सालीं स्थगित झाला. तेव्हां भार पुन्हा वर्गावरच येतो. 'जेट'चा पाहुणा फार तर ५ वर्षें राहतो व परततो. शाळेंत राहतो तो जपानी शिक्षक. त्याची भीड चेपली, तरच पाहुण्याच्या श्रमांचें फळ मागें टिकेल.