भवभूतीचा माग काढणारे मिराशी



आम्हां झाशीकरांना काल्पी ठाऊक असते ती १८५८ साली झाशी सोडल्यावर राणीसाहेबांनी गाठलेले ठाणे म्हणून. त्या गावाशी मराठी मुलखाचे याहून फार जुने नाते दाखवून दिले ते महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) यांनी.

कोकणात जन्मलेले, नागपुरात संस्कृत शिकविणारे मिराशी नाटकांइतक्याच आस्थेने ताम्रपट वाचीत. भवभूतीची तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली, असे त्यांच्या प्रस्तावना सांगतात. हा देव उज्जयिनीचा महाकाल, असे पुष्कळांचे मत होते. परंतु खंबायतच्या ताम्रपटात, राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या कनोजवरील स्वारीत, कालप्रियाचे प्रांगण आधी येते आणि मग यमुना. त्यावरून मिराशींनी ते स्थान काल्पीचे सूर्यमंदिर ठरविले. कवीचे पद्मपूर विदर्भात, आमगावजवळ.

म्हणजे सुमारे तेराशे वर्षांपूर्वी एका वैदर्भीय कवीला प्रेक्षक लाभले ते आपल्या या बुंदेलखंडात! शिवाय वाल्मीकींच्या सीतेला अखेर धरणी पोटात घेते. ‘उत्तररामचरिता’त भवभूतीने तिची रामाशी पुन्हा भेट घडविली.

मंडळाच्या पन्नाशीत आम्हांस यातून एवढेच सुचवावेसे वाटते. पेटीत राहिलेल्या शालूला कसर लागते. आपला वारसा रंगमंचावर यावा, आणि मुलांनी तो आपल्या परीने पुन्हा रचावा.