पाण्याखालचे जाकीट कसे निवडावे



गावच्या विहिरीत पोरांना पोहायला शिकवताना पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, ही रीत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. आजचा विषय त्या भोपळ्याच्याच एका दूरच्या नातेवाइकाचा आहे. पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्राखाली उतरण्याला स्कूबा म्हणतात, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. आपल्या मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर सुट्टीत दूरदूरची माणसे त्यासाठी येतात, आणि तिथली कितीतरी तरुण मुले त्यांना पाण्याखाली नेऊन सुखरूप वर आणण्याच्या कामावर घर चालवतात. या पाणबुड्यांच्या अंगात हवा भरण्याचे एक जाकीट असते. इंग्रजीत त्याला बॉयन्सी कॉम्पेन्सेटर, आणि रोजच्या बोलण्यात बीसीडी म्हणतात. आपण त्याला नुसते जाकीटच म्हणू.

हौसेने एकदाच उतरणाऱ्याला या जाकिटाची काळजी नसते. शिकवणारा त्याला धरून असतो. परंतु जो रीतसर शिक्षण घेऊन आपले पहिले जाकीट विकत घ्यायला निघतो, त्याच्या मनात बहुधा एक समज पक्का बसलेला असतो. जाकीट जितके मोठे आणि जितके जास्त फुगणारे, तितका जीव सुरक्षित, असा तो समज. हा समज बरोबर नाही. तो का बरोबर नाही, तेवढेच आज समजून घेऊ.

विहिरीतून घागर ओढताना काय होते पाहा. घागर पाण्यात असेतो हलकी लागते. पाण्याबाहेर आली की हाताला रग लागते. पाणी तिला खालून वर रेटत असते. त्या रेट्याला शाळेच्या पुस्तकात प्लावक बल म्हणतात. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका तो रेटा असतो, हे आर्किमिडीजने बावीसशे वर्षांपूर्वी सांगितले. वजन जास्त झाले तर वस्तू बुडते, रेटा जास्त झाला तर तरंगते, आणि दोन्ही सारखे झाले तर जिथल्या तिथे राहते.

पाणबुड्याला हे तिसरे हवे असते. बुडायचे नाही, तरंगायचे नाही, अधांतरी राहायचे. मासा हे सहज करतो. रोहू किंवा कटला साफ करणाऱ्यांनी माशाच्या पोटातला पांढरा फुगा पाहिला असेल. त्याला वाताशय म्हणतात. त्यातली हवा कमीजास्त करून मासा पाण्यात स्थिर राहतो. माणसाला वाताशय नाही, म्हणून त्याने जाकीट केले. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे यंत्र सिद्ध केले, तेव्हा असे जाकीट नव्हते. पाणबुडे पाय मारून आणि श्वास सांभाळून आपली पातळी राखीत. पुढे १९६१ मध्ये फेन्झी या फ्रेंच माणसाने छातीवर बांधायची हवेची पिशवी काढली, आणि तिच्यातून हळूहळू आजची जाकिटे आली.

आता खरी गोम ऐका. समुद्रात दर दहा मीटर, म्हणजे सुमारे तेहेतीस फूट खाली गेले की पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका आणखी एक दाब वाढतो. त्यामुळे वर एक लिटर असलेली हवा दहा मीटरांवर अर्धी होते, वीस मीटरांवर तिसरा हिस्सा, आणि तीस मीटरांवर चौथा हिस्सा. खाली जाताना जाकीट आपोआप आक्रसते आणि माणूस जड होतो. वर येताना मात्र उलटे होते. हवा फुगते; फुगली की माणूस वर उचलला जातो; वर गेला की ती आणखी फुगते. उतारावर ब्रेक सुटलेल्या बैलगाडीसारखी ही गत आहे. हवा वेळेवर सोडली नाही तर माणूस बुचासारखा वर फेकला जातो. अशा वेळी घाबरून श्वास कोंडला, तर छातीतली हवाही तशीच फुगते आणि फुप्फुस फाटण्याची भीती असते. रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊन अंग निकामी होण्याचा धोका वेगळाच. म्हणून मिनिटाला नऊ-दहा मीटरांपेक्षा वेगाने वर येऊ नये, आणि श्वास कधीही कोंडू नये, असे शिकवतात.

शिक्षक मित्रांनो, हे वर्गात दाखवायला खर्च नाही. प्लास्टिकची पारदर्शक बाटली काठोकाठ पाण्याने भरा. डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरमध्ये थोडे पाणी ओढून, तो जेमतेम तरंगेल असा बाटलीत सोडा. झाकण घट्ट लावा आणि बाटली हाताने दाबा. ड्रॉपर तळाला जाईल. हात सैल केला की वर येईल. दाबल्यावर ड्रॉपरमधली हवा आक्रसते आणि पाणी आत शिरते, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. दाब असा हलके हलके बदलून ड्रॉपर मधोमध उभा करायला सांगा. ते किती कठीण आहे, हे मुलांना कळले की पाणबुड्याचे कामही कळेल.

एवढे समजले की जाकीट निवडण्याचे मर्म हाती आले. हवा भरण्याची सोय सगळ्याच जाकिटांत असते. पारख करायची ती हवा सोडण्याच्या सोयीची. डाव्या खांद्यावरून एक जाड नळी पुढे येते. तिच्या टोकाशी दोन बटणे असतात. एकाने टाकीतली हवा आत येते, दुसऱ्याने बाहेर जाते. खांद्यावर आणि पाठीच्या खालच्या बाजूस दोरी ओढून उघडायच्या झडपा असतात. हवा नेहमी सर्वांत उंच जागी साठते. माणूस उभा असेल तर खांद्याची झडप कामाला येते, डोके खाली असेल तर कमरेची. तेव्हा दुकानात जाकीट अंगात घालून डोळे मिटा, आणि प्रत्येक बटण व प्रत्येक दोरी हाताला न चाचपडता सापडते का, ते पाहा. सापडत नसेल तर ते जाकीट कितीही देखणे असले तरी आपले नव्हे.

दुसरी गोष्ट मापाची. पाण्यात जो कपडा घालून उतरणार, तो घालूनच जाकीट चढवावे. मग ते पूर्ण फुगवावे. छाती आवळली जाऊन श्वास अडता कामा नये. कोणाला तरी खांद्याचे पट्टे धरून वर उचलायला सांगावे. जाकीट कानापर्यंत सरकत असेल तर पाण्यावरही तसेच सरकेल आणि तोंड पाण्यात जाईल. बायकांच्या बांध्याची निराळी जाकिटे मिळतात. बहिणींनी भावाचे जाकीट पट्टे ओढून वापरू नये.

तिसरी गोष्ट आकाराची. थोडा हिशेब करू. बारा लिटरच्या टाकीत दोनशे बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. लिटरला सव्वा ग्रॅम धरले तर ती हवा तीन किलो भरते. म्हणजे उतरताना आपण हवेपोटी तेवढे जड असतो, आणि हवा खर्च होईल तसे दोन-सव्वादोन किलो हलके होतो. अंगातल्या पातळ रबरी पोशाखाचा तरंग खोलात दबून किलो-दोन किलो कमी होतो. पाण्यावर आल्यावर डोके बाहेर राहावे म्हणून आणखी चार-पाच किलो धरा. आपल्याकडच्या उबदार पाण्यात बारा-पंधरा किलो उचलणारे जाकीट पुष्कळ झाले. थंड देशात जाड पोशाख घालावा लागतो, तिथला हिशेब वेगळा. गरजेपेक्षा मोठ्या पिशवीत हवा इकडून तिकडे खेळते आणि माणसाला लोळवते.

प्रकार मुख्यतः दोन. एकात हवा कुशीला आणि पाठीला भरते. ते पाण्यावर माणसाला सरळ उभे ठेवते, म्हणून नवशिक्याला सोयीचे. दुसऱ्यात हवा फक्त पाठीवर भरते. त्याने पाण्याखाली आडवे राहणे सोपे जाते, पण पाण्यावर फार फुगवले तर ते पुढे तोंडावर कलंडवते. आधी दोन्ही प्रकारची जाकिटे भाड्याने घेऊन चार-सहा वेळा उतरावे, मग पैसे मोडावेत.

पण मंडळी, जाकिटाआधी शिसे मोजायला शिका. रापणीच्या जाळ्याला वर बोये आणि खाली वजन असते, दोन्हींचा मेळ बसला तरच जाळे उभे राहते. पाणबुड्याचेही तसेच. कमरेला शिसे जास्त बांधले की जाकिटात हवा जास्त भरावी लागते, आणि जास्त हवा म्हणजे वर येताना जास्त फुगवटा. जाकीट रिकामे करून, नेहमीचा श्वास छातीत ठेवून पाणी डोळ्यांपाशी यावे, आणि श्वास सोडल्यावर सावकाश बुडावे, इतकेच शिसे पुरे. टाकी भरलेली असेल तर पुढे खर्च होणाऱ्या हवेसाठी दोनेक किलो वाढवावे. पाण्यावरची ही परीक्षा शिकवणारा जवळ असतानाच करावी. शिसे जाकिटाच्या खिशात ठेवायचे असेल, तर अडचणीत ते एका हिसक्यात टाकून देता आले पाहिजे.

वापरून झाल्यावर जाकीट गोड्या पाण्याने धुवावे, आतूनसुद्धा. नाहीतर मीठ साचून झडप अडकते आणि हवा आपोआप भरू लागते. थोडे फुगवून सावलीत वाळवावे. रात्रभर फुगवून ठेवल्यावर सकाळी मऊ पडले, तर कुठेतरी गळती आहे असे समजावे.

या सगळ्यात समुद्राचेही हित आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या प्रवाळावर जड झालेला माणूस पाय मारीत उतरला, की वर्षानुवर्षे वाढलेले प्रवाळ क्षणात मोडते. जो अधांतरी राहायला शिकला, तो स्वतः वाचतो आणि प्रवाळही वाचवतो. आणि त्या प्रवाळावर व माशांवर ज्यांची चूल पेटते, त्या घरांचेही त्यात भले आहे.

भोपळा पाठीला असला म्हणून पोहणे येत नाही, तसे जाकीट अंगात असले म्हणून पाणबुड्या होत नाही. आधी गुरू करावा, मग जाकीट घ्यावे. आणि घेताना ते किती फुगते याआधी किती लवकर रिकामे होते, हे पाहावे.